चिनी वनौषधी आणि रक्तातील साखर : डबीत नेमके काय आहे?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंच्या वडिलांचे वय 67 असून त्यांना चौदा वर्षांपासून टाईप 2 मधुमेह आहे. मेटफॉर्मिन 1000 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅम सकाळी, शिवाय ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची एक गोळी, असे उपचार चालू आहेत. साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, 8.6 टक्के आणि किडनीचे काम दाखवणारे क्रिएटिनिन 1.5 आले आहे. कामानिमित्त चीनमधील ग्वांगझूला जाणाऱ्या भावाने तेथील दुकानातून काळ्या, मिरीएवढ्या गोळ्यांची डबी आणली आहे. ‘ही शुद्ध वनौषधी आहे, जेवणाआधी दहा-दहा गोळ्या दिवसातून तीनदा घ्या,’ असे दुकानदाराने सांगितले. वडिलांना ‘केमिकलच्या गोळ्या’ सोडून या सुरू करायच्या आहेत. त्या घ्याव्यात का, आणि चिनी औषधांनी साखर खरोखर उतरते का, असे ताईंनी डबीचे छायाचित्र जोडून विचारले आहे.

आधी निकडीचे सांगतो. ही डबी बाजूला ठेवा आणि वडिलांना त्यातील एकही गोळी देऊ नका. चालू असलेली औषधेही स्वतःच्या मनाने बंद करू नका. वडिलांनी गोळ्या आधीच सुरू केल्या असतील, तर हे उत्तर पूर्ण वाचण्याआधी त्यांची साखर ग्लुकोमीटरवर तपासा आणि तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करा.

हे इतक्या ठामपणे म्हणण्याचे कारण छायाचित्रातच आहे. मी मधुमेहाच्या रुग्णांवर सव्वीस वर्षे उपचार करतो आहे आणि त्यांतली चार वर्षे सिंगापूरमधील एका रुग्णालयात होतो. तेथे वयस्कर चिनी रुग्ण औषधांच्या पिशवीत आमच्या गोळ्यांबरोबर ‘मेडिकल हॉल’मधल्या, म्हणजे चिनी औषधांच्या दुकानातल्या, पुड्याही घेऊन येत. चिनी भाषा मला येत नाही, पण लेबलावरची काही अक्षरे ओळखणे तेव्हा कामाचा भागच झाले होते. तुमच्या डबीवर वरच्या बाजूला ‘शियाओके वान’ असे नाव आहे आणि त्याखाली घटकांची यादी आहे. यादीत आधी सात वनस्पती आहेत : गेगन, दीह्वांग, ह्वांगछी, त्येनह्वाफन, मक्याच्या कणसाचे केस, वूवेइत्झ आणि शानयाओ. यादीच्या शेवटी चार अक्षरांचे एक नाव येते, ज्याचा उच्चार साधारण ‘ग-लिए-बन-न्याओ’ असा होतो. ही वनस्पती नव्हे. हे चिनी भाषेतले ग्लिबेनक्लेमाइड आहे, म्हणजे आपल्याकडे कित्येक दशके वापरले गेलेले, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारे रासायनिक औषध. वडील घेत असलेले ग्लिमेपिराइड त्याच कुळातले आहे.

एका गोळीत 0.25 मिलिग्रॅम ग्लिबेनक्लेमाइड असते. दहा गोळ्या तीनदा, म्हणजे दिवसाला तीस गोळ्या, म्हणजे 7.5 मिलिग्रॅम. ‘केमिकल नको’ म्हणून घेतलेल्या या डबीतून वडिलांच्या पोटात रोज 7.5 मिलिग्रॅम ग्लिबेनक्लेमाइड गेले असते. आणि ग्लिमेपिराइड चालू ठेवून ‘सोबत वनौषधी’ म्हणून त्या घेतल्या असत्या, तर एकाच कुळातली दोन औषधे एकमेकांवर चढली असती. वय 67 आणि क्रिएटिनिन 1.5 यांवरून त्यांच्या किडनीची गाळणक्षमता 50च्या आसपास येते. ग्लिबेनक्लेमाइड यकृतात मोडल्यावर तयार होणारे घटकही साखर उतरवत राहतात आणि त्यांतला मोठा भाग किडनीवाटे बाहेर पडतो. किडनी मंदावली की ते शरीरात साठतात. म्हणूनच वयस्कर आणि किडनीचा त्रास असलेल्या रुग्णांमध्ये आम्ही हे औषध आता टाळतो. त्याने आलेला हायपो, म्हणजे साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाणे, एकदा साखर खाऊ घातल्याने मिटत नाही. दोन-तीन तासांनी तो पुन्हा येतो, आणि बहुधा रात्री, घर झोपलेले असताना.

येथे त्या औषधाला न्याय देणेही आवश्यक आहे. शियाओके वान हे चीनमध्ये रीतसर मंजूर झालेले, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देण्याचे औषध आहे आणि त्यातले ग्लिबेनक्लेमाइड लेबलावर उघड छापलेले असते. अडचण एवढीच की त्याचा मंजुरी क्रमांक ‘झेड’ या अक्षराने सुरू होतो, आणि चीनमध्ये ते अक्षर पारंपरिक औषधांसाठी राखलेले आहे. त्यामुळे अक्षर पाहून ‘हे तर देशी’ असे समजणारे तेथेही आहेत. 2013 साली या गोळ्यांची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तीत 800 रुग्णांना 48 आठवडे शियाओके वान किंवा नुसते ग्लिबेनक्लेमाइड दिले गेले. साखर दोन्ही गटांत जवळपास सारखीच उतरली; वनस्पतींची जोड असलेल्या गटात हायपोचे प्रसंग मात्र कमी आले. हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याची चेष्टा करण्याचे काही कारण नाही. पण तो ‘वनौषधीने साखर उतरते’ हे सिद्ध करत नाही. साखर उतरवण्याचे मुख्य काम ग्लिबेनक्लेमाइडने केले आणि वनस्पतींनी त्याचा उपद्रव काहीसा कमी केला असावा, एवढेच तो सांगतो. सिंगापूरमध्ये तयार चिनी औषधांत रासायनिक औषध मिसळायला कायद्याने मनाई आहे. एका देशात मंजूर असलेली गोळी दुसऱ्या देशात विकताच येत नाही, हे लक्षात घेतले तर ‘चिनी औषध’ या एका शब्दात किती वेगवेगळ्या वस्तू कोंबल्या जातात ते कळते.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. ‘शियाओके’ हा शब्द फार जुना असून त्याचा अर्थ ‘शरीर झिजवणारी तहान’ असा होतो. खूप तहान, खूप भूक, खूप लघवी आणि तरीही अंग खंगत जाणे, असे वर्णन चिनी वैद्यकाने केले. त्याचे वरचा, मधला आणि खालचा असे तीन प्रकार मानून अनुक्रमे फुप्फुस, जठर आणि मूत्रपिंड यांच्याशी त्यांचा संबंध जोडला. आपल्या चरक-सुश्रुतांच्या मधुमेहाशी हे चित्र इतके जुळते की पहिल्यांदा वाचताना मी थबकलो होतो. मुंग्यांना ओढणाऱ्या लघवीची आपल्याकडे नोंद आहे, तर सातव्या शतकातल्या चिनी वैद्यांनीही या रुग्णांची लघवी गोड असल्याचे लिहून ठेवले आहे. त्याच शतकातले प्रसिद्ध वैद्य सुन सिमियाओ यांनी इसवी सन 652च्या सुमारास रचलेल्या ग्रंथात या रोग्याने तीन गोष्टींपासून दूर राहावे असे बजावले : मद्य, कामसेवन, आणि खारट पदार्थ व पिठूळ अन्न. ही पथ्ये पाळणारा औषधाविनाही बरा राहू शकेल, आणि न पाळणाऱ्याला कितीही मोलाचे औषध तारणार नाही, असेही त्यांचे म्हणणे होते. पिठूळ अन्नाबद्दलचा तो सल्ला मी आजही माझ्या रुग्णाला देतो.

मात्र शियाओके आणि आजचा मधुमेह हे शब्दाला शब्द असे जुळत नाहीत. तहान, भूक, लघवी ही लक्षणे दिसेपर्यंत साखर बहुधा 200च्या पुष्कळ वर गेलेली असते, आणि आज आपण ज्यांना मधुमेह म्हणतो त्यांतल्या अनेकांना यांतले एकही लक्षण नसते. चांगला चिनी वैद्य नाडी पाहतो, जिभेचा रंग आणि तिच्यावरचा थर पाहतो, आणि त्या माणसासाठी दहा-बारा वनस्पतींचा काढा लिहून देतो. आठवड्याने रुग्ण पुन्हा आला की दोन वनस्पती काढतो, एक वाढवतो. सिंगापूरमध्ये माझ्या शेजारी राहणाऱ्या आजी हा काढा मातीच्या भांड्यात एकाच पुडीचे दोनदा उकळून करत. पहिले पाणी आणि दुसरे पाणी एकत्र करून अर्धे सकाळी, अर्धे संध्याकाळी घेत, आणि सगळ्या जिन्याला त्या कडवट, मातकट वासाने कळत असे की आज काढा आहे. या पद्धतीत औषध माणसागणिक आणि आठवड्यागणिक बदलते. भावाने विमानतळाकडे जाताना घेतलेली डबी ही त्या परंपरेची प्रतिनिधी नाही. नाडी न पाहता, जीभ न पाहता दिलेले औषध तो वैद्यही मान्य करणार नाही.

साखर उतरवणारे द्रव्य म्हणून चिनी औषधींपैकी सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो ह्वांगल्यान या कडूजहर पिवळ्या मुळातल्या बर्बेरीनचा. महाराष्ट्राला हे द्रव्य परके नाही. आपली दारुहळद आणि तिच्या काढ्यापासून आटवून केलेले रसांजन यांचा पिवळेपणा बर्बेरीनचाच असतो. चीनमध्ये बर्बेरीनच्या गोळ्या जुलाबावर म्हणून कितीतरी वर्षे सर्रास मिळतात. जुलाबासाठी ती घेणाऱ्या मधुमेही रुग्णांची साखरही उतरते असे तेथील डॉक्टरांच्या लक्षात आले आणि संशोधनाला चालना मिळाली. शांघायमधील एका गटाने 2008 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्याने निदान झालेल्या 36 रुग्णांना तीन महिने बर्बेरीन किंवा मेटफॉर्मिन दिले. दोन्हींचा डोस सारखाच, 500 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. बर्बेरीनच्या गटात एचबीएवनसी 9.5वरून 7.5वर आले आणि उपाशीपोटीची साखर सुमारे 191वरून 124वर आली. मेटफॉर्मिनचा परिणामही तसाच होता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात 116 रुग्णांपैकी बर्बेरीन घेणाऱ्यांचे एचबीएवनसी 7.5वरून 6.6वर उतरले. आकडे चांगले आहेत. पण 36 आणि 116 रुग्ण, आणि तीन महिने! मेटफॉर्मिनमागे हजारो रुग्णांचा दशकांचा अनुभव आहे, आणि हृदयविकार कमी होतो का, मृत्यू टळतात का, हे प्रश्न त्याच्या बाबतीत विचारले गेले आहेत. बर्बेरीनने पाच किंवा दहा वर्षांत डोळे, किडनी, हृदय यांचे काय होते, याचे तसे उत्तर कोणाकडेही नाही.

बर्बेरीन पेशींच्या ऊर्जाकेंद्रांवर काम करून यकृताची साखर बनवण्याची गती कमी करते. ही वाट मेटफॉर्मिनच्या वाटेला बरीच लागून जाते, आणि उपद्रवही तसेच : पोटात गुडगुड, जुलाब किंवा बद्धकोष्ठ, गॅस. पहिल्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश रुग्णांना पोटाचा त्रास झाला. दिवसाला दोन ग्रॅम मेटफॉर्मिन घेणाऱ्या तुमच्या वडिलांना बर्बेरीनची जोड दिली, तर पोटाची तक्रार वाढण्याची शक्यता मोठी आहे. याहून गंभीर गोष्ट अशी की अनेक औषधे मोडणाऱ्या यकृतातल्या विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, बर्बेरीन अडवते. किडनी बदललेल्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी त्यामुळे वाढते, हे अभ्यासांत दिसले आहे; कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबाबतही सावध राहावे लागते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ते घेऊच नये, कारण नवजात बाळाच्या रक्तातले बिलिरुबिन, म्हणजे काविळीचे पिवळे द्रव्य, प्रथिनापासून सुटून कावीळ मेंदूपर्यंत जाण्याची भीती असते. याच काळजीपोटी सिंगापूरमध्ये बर्बेरीनवर अनेक दशके बंदी होती. समाजमाध्यमांवर सध्या ‘नैसर्गिक वजनघट’ म्हणून बर्बेरीनच्या ज्या कॅप्सुल तरुण मुलींना विकल्या जातात, त्यांच्या जाहिरातीत यातले एक अक्षरही नसते, आणि मला त्याचा मनापासून संताप येतो.

तुतीची गोष्ट अधिक आश्वासक आहे. जालना-बीडकडचे रेशीम उत्पादक शेतकरी जी तुती अळ्यांना खायला घालतात, तिच्या कुळातल्या झाडांच्या कोवळ्या फांद्यांतून चिनी संशोधकांनी काही अल्कलॉइड वेगळे केले आणि त्यांच्या गोळ्यांना 2020 साली चीनमध्ये टाईप 2 मधुमेहासाठी मंजुरी मिळाली. पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारे आतड्यातले विकर ही द्रव्ये रोखतात. जेवणानंतर साखर एकदम उसळत नाही. आपल्याकडे डॉक्टर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज देतात, त्यांचेही काम हेच. 600 रुग्णांच्या 24 आठवड्यांच्या चाचणीत या गोळ्यांनी एचबीएवनसी 0.93 टक्क्यांनी, तर अकार्बोजने 0.87 टक्क्यांनी उतरवले. वनौषधीचा रस्ता असाच असावा असे मला वाटते : झाड ओळखायचे, त्यातले काम करणारे द्रव्य ओळखायचे, प्रत्येक गोळीत त्याचे प्रमाण सारखे ठेवायचे, मग ज्ञात औषधासमोर उभे करून मोजायचे. शेतातल्या तुतीच्या पाल्याचा चहा करून तोच परिणाम मिळेल असे मात्र समजू नये. जात, ऋतू, पानाचे वय यांप्रमाणे त्यातले प्रमाण बदलते.

मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठीही चीनमध्ये काम झाले आहे. त्येनछी नावाच्या दहा वनस्पतींच्या कॅप्सुलचा 420 जणांवर वर्षभर अभ्यास झाला. आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना होता. कॅप्सुल घेणाऱ्यांपैकी 18.18 टक्के, तर औषधासारखी दिसणारी निष्क्रिय कॅप्सुल घेणाऱ्यांपैकी 29.32 टक्के लोकांना मधुमेह झाला. फरक दखल घेण्याजोगा आहे, पण चीनमध्येच, दाचिंग या तेलनगरीत, 1986 साली सुरू झालेला दुसरा अभ्यास मला कितीतरी मोठा वाटतो. उंबरठ्यावरच्या 577 लोकांना कोणतेही औषध दिले नाही. काहींना आहाराचा, काहींना व्यायामाचा, काहींना दोन्हींचा नेम घालून दिला. सहा वर्षांत काहीच न बदललेल्या गटात 67.7 टक्के लोकांना मधुमेह झाला. आहाराच्या गटात हे प्रमाण 43.8 आणि व्यायामाच्या गटात 41.1 टक्के होते. तीस वर्षांनी पाहिले तेव्हा नेम पाळलेल्यांमध्ये मधुमेह सरासरी सुमारे चार वर्षे उशिरा आलेला होता आणि हृदयविकाराने झालेले मृत्यूही कमी होते. चीनकडून मधुमेहाबद्दल एकच गोष्ट घ्यायची असेल, तर मी ही घेईन.

इतर वनस्पतींबद्दल फार लांबण लावत नाही. 2000च्या दशकात उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने टाईप 2 मधुमेहावरच्या चिनी वनौषधींच्या 66 चाचण्या तपासल्या, ज्यांत 8302 रुग्ण आणि 69 वेगवेगळी औषधे होती. काहींनी साखर उतरलेली दिसते, पण चाचण्या इतक्या सैल पद्धतीने केलेल्या होत्या की त्यांवर विसंबून कोणतेही औषध सुचवता येत नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. त्यानंतरच्या चाचण्या सुधारल्या आहेत. वर सांगितलेल्या त्यांतल्याच काही.

भीती खरी आहे ती लेबलावर न लिहिलेल्या गोष्टींची. 2000 साली अमेरिकेत चिनी वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही कॅप्सुलमध्ये ग्लिबेनक्लेमाइड आणि फेनफॉर्मिन सापडले. फेनफॉर्मिन रक्तात लॅक्टिक आम्ल साठवून जीव घेऊ शकते म्हणून अमेरिकेने ते 1970च्या दशकातच बाजारातून काढले होते आणि भारतातही 2003 साली त्यावर बंदी आली. 2008च्या पहिल्या पाच महिन्यांत सिंगापूरच्या रुग्णालयांत मधुमेह नसलेले 150 लोक साखर गंभीरपणे खाली जाऊन दाखल झाले. लैंगिक शक्तीसाठी बेकायदा विकल्या जाणाऱ्या बनावट गोळ्या आणि वनौषधींत ग्लिबेनक्लेमाइड मिसळलेले होते. सात जण दीर्घकाळ बेशुद्ध राहिले, चार जण दगावले. मी तेथे रुजू झालो तेव्हा या घटनेला तीन वर्षे झाली होती, तरी अपघात विभागातल्या परिचारिका बेशुद्ध रुग्णाच्या नातेवाईकांना पहिला प्रश्न ‘घरी कोणती पुडी घेत होते?’ असाच विचारत. तो प्रश्न मी सोबत घेऊन परत आलो.

त्याचा उपयोग मला येथेच झाला. निवृत्त शिक्षक असलेले एक गृहस्थ माझ्याकडे वर्षानुवर्षे येत. त्यांची साखर 240-260च्या खाली कधी उतरत नसे. एका भेटीत ती अचानक 104 निघाली. ते खूश होते, मी नव्हतो. खोदून विचारल्यावर त्यांनी खिशातून लेबल नसलेली प्लास्टिकची बाटली काढली. ओळखीच्या माणसाने दिलेली ‘चायनीज जडीबुटी’ ते नऊ दिवसांपासून घेत होते. मुळांच्या आणि पानांच्या भुकटीने नऊ दिवसांत साखर अशी कोसळत नाही. मी गोळ्या थांबवायला सांगून त्यांना दाखल व्हायची विनंती केली. त्यांनी ती मानली नाही. पहाटे तीनला त्यांच्या सूनबाईंचा फोन आला. सासरे घामाने भिजलेले, काहीतरी असंबद्ध बोलत होते आणि ग्लुकोमीटरवर 38 दिसत होते. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ते शुद्धीवर आले, पण पुढच्या 30 तासांत साखर आणखी तीनदा पडली. ते वाचले. रात्री सूनबाई पाणी प्यायला उठल्या म्हणून वाचले.

म्हणून औषध सुरू केल्यावर दोन-चार दिवसांत साखर शंभर-दीडशेने उतरली, तर आनंद मानू नका; आत काय आहे याची शंका घ्या. भारतात आयुषच्या यादीत चिनी वैद्यक नाही. ॲक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात वेगळा कायदा आहे, पण येथे चिनी वनौषधी देणाऱ्याची नोंदणी तपासावी अशी जागा तुम्हाला सापडणार नाही. सगळी भिस्त त्या डबीवर आणि ती आणणाऱ्यावर राहते.

आणखी काही गोष्टी वडिलांच्या परिस्थितीत महत्त्वाच्या आहेत. चिनी गोळ्यांतल्या मोठ्या, मऊ, सुपारीपेक्षा थोरल्या गोळ्या मधात वळलेल्या असतात. अशी एक गोळी साधारण नऊ ग्रॅमची असते आणि तिच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग मध असतो. ल्यूवेइ दीह्वांग वान हे सहा औषधींचे प्रसिद्ध औषध मधुमेहींना पुष्कळदा दिले जाते आणि तेही या रूपात मिळते. पाण्यात विरघळवायच्या दाणेदार पुड्यांतही साखर असू शकते. दुसरी गोष्ट किडनीची. 1990च्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या उपचारात एका चिनी मुळाच्या जागी नामसाधर्म्यामुळे किडनीला घातक असे ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेले दुसरे मूळ गेले, आणि शंभराहून अधिक स्त्रियांच्या किडन्या खराब झाल्या. पुढे अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. गाळणक्षमता आधीच 50वर असलेल्या माणसाने अनोळखी मुळांचा धोका पत्करू नये. तिसरी गोष्ट ॲस्पिरिनची : रक्ताभिसरणासाठी दिले जाणारे दानशेन हे चिनी मूळ रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनचा परिणाम वाढवते, आणि ॲस्पिरिन घेणाऱ्यांनीही ते टाळलेले बरे. काढ्यात नेहमी घातले जाणारे ज्येष्ठमध जास्त दिवस पोटात गेले, तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते.

आता वडिलांच्या साखरेचे काय करायचे, ते पाहू. 8.6 हा आकडा चांगला नाही आणि त्यांची ‘या गोळ्यांनी काही होत नाही’ ही तक्रार अगदीच निराधार नाही. परंतु तिला उत्तर आहे. डॉक्टरांना लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन तपासायला सांगा आणि डापाग्लिफ्लोझिनच्या गटातले औषध त्यांना चालेल का, ते विचारा. हा गट साखरेबरोबर किडनीचेही रक्षण करतो आणि आपल्याकडे तो आता जेनेरिक स्वरूपात मिळतो. गाळणक्षमता 45च्या खाली गेली, तर मेटफॉर्मिनचा डोस कमी करावा लागेल, म्हणून क्रिएटिनिन दर तीन-चार महिन्यांनी बघा. जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी, आठवड्यातून तीन दिवस साखर मोजून वहीत लिहा. रात्रीच्या ताटातली भाकरी किंवा भात किती, जेवणानंतर चालणे किती, हेही त्याच वहीत. आणि हे सगळे वडिलांशी वाद न घालता करा. ‘केमिकल’ची त्यांची भीती खोटी ठरवण्याऐवजी डबीवरच्या त्या चार अक्षरांवर बोट ठेवून त्यांना दाखवा की भीती वाटत होती तीच गोष्ट येथे मिरीएवढ्या गोळीत आहे.

गोळ्या याआधीच पोटात गेल्या असतील, तर शेवटच्या गोळीनंतर किमान दोन दिवस दर चार तासांनी, रात्री गजर लावूनही, साखर मोजा. आज-उद्याचे ग्लिमेपिराइड द्यायचे की नाही, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. साखर 70च्या खाली आली किंवा घाम, थरथर, बडबड, चिडचिड दिसली, तर तीन-चार चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि साखर वर आली तरी रुग्णालयात न्या. कधी अकार्बोज, व्होग्लिबोज किंवा तुतीच्या गोळ्या चालू असतील, तर घरातली साधी साखर लवकर काम करत नाही, कारण ती फोडणारे विकरच अडवलेले असते. तेव्हा ग्लुकोजच हवे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि 108ला फोन करा. जाताना डबी बरोबर घ्या, झाकणासकट आणि आतल्या घडी घातलेल्या कागदासकट.